औषधाच्या डब्यातला गोल सेल

अब्बांचे ग्लुकोमीटर, दादीच्या कानाचे मशीन, ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर... आज आपल्या अनेक घरांत छोटा दवाखानाच असतो. त्यातले उतरलेले सेल मात्र आपण औषधाच्या डब्यातच टाकून ठेवतो. आम्हीही तेच करत होतो.

नाण्याएवढा लिथियम सेल लहान मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर २ तासांतच आतून गंभीर भाजू शकते. मशीन चालत नाही असा उतरलेला सेलही हे करू शकतो. अशा वेळी उलटी करवू नका. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या.

सेल घेताना मशीनच्या पुस्तिकेतला क्रमांक पाहा. जुना आणि नवा एकत्र घालू नका. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो घट्ट झाकणाच्या डब्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही असा ठेवा. घरच्या कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या घेणाऱ्या ई-कचरा केंद्रावर द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेले सेल गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

घरातले आजारी बुजुर्ग आणि तान्ही मुले, दोन्ही आपल्याकडे अमानत आहेत. एकाच्या इलाजाची वस्तू दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये.