नेट कुठे तुटते?

घरचे नेट अडखळले की आपण आधी कंपनीला बोल लावतो. दोष घराबाहेर आहे की घरात, हे आधी ठरवावे. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' दिवा लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. सरळ तक्रार नोंदवावी.

ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात तो दिवा बंदच होता, तरी रविवारी हॉस्टेलवरून केलेला व्हिडिओ कॉल तुटायचा आणि आजी रडवेली व्हायची. सुट्टीत मी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून ८.८.८.८ या पत्त्यावर १०० पिंग पाठवले. सगळे परत आले. आजीच्या खोलीतून वायफायवर पाठवले, तर १७ हरवले. म्हणजे दोष घरातच.

५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त, पण जाड भिंत त्याला सोसत नाही. २.४ लांब पोहोचते. मात्र शेजाऱ्यांचीही गर्दी तिथेच. त्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत मिसळत नाहीत. शेजारी बहुतेक १ वर होते, म्हणून मी ११ घेतला. राउटर लोखंडी कपाटामागे दडवला होता (शोभेसाठी!), तो मधल्या खोलीत उंचावर आणला. आता १०० पैकी ९९ येतात. वीज गेली की मात्र सगळे ठप्प; त्यासाठी बाबांनी छोटा बॅटरी बॅकअप मागवला आहे.