एआय, ड्रोन अन् अणुऊर्जेचा कांदा : घोषणा केवढी, शेतात उतरतं केवढं?

अंबड (नाशिक) : शेतात न जाता घरबसल्या मोबाईलवर शेती कशी होणार, याचा एखादा तरी व्हिडिओ आठवड्यातून ग्रुपवर येतोच. वर ड्रोन उडतोय, खाली हिरवंगार पीक, आणि मागून एक आवाज सांगतोय की आता उत्पादन दुप्पट. त्याच ग्रुपवर खाली कुणीतरी विचारत असतं, ई-पीक पाहणीचा फोटो कुणाचा चढला का? सर्व्हर चालूय का?

या दोन मेसेजच्या मधे जे अंतर आहे ते समजून घेऊ. तंत्रज्ञान खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. पण कोणतं आपल्या कामाचं, कोणतं दुसऱ्याच्या पिकाचं आणि कोणतं नुसतं भाषणातलं, हे कळलं नाही तर पैसा आपला जातो.

आधी एआय. महाराष्ट्रात याची हवा झाली ती बारामतीच्या उसामुळे. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्रात मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सोबतीने हा प्रयोग चालतो. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी त्याचं जाहीर कौतुक केलं आणि बारामतीचा ऊस जगभर गाजला. त्याच वर्षी जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं, ५०० कोटींची तरतूद सांगितली.

हे चालतं कसं? शेतात एक छोटं हवामान केंद्र बसवतात, जमिनीत ओलावा मोजणारे सेन्सर पुरतात, वरून उपग्रहाचे फोटो येतात. ही सगळी माहिती संगणकाकडे जाते. संगणकाने आधीच्या भरपूर नोंदी बघून ठेवलेल्या असतात, त्यावरून तो अंदाज बांधतो आणि मोबाईलवर मेसेज टाकतो, आज पाणी द्या, आज नको, अमुक कोपऱ्यात पीक पिवळं पडतंय. जादू यात काही नाही. जुना जाणता माणूस बांधावरून बघून जे सांगतो, तेच हा आकड्यांवरून सांगतो. आणि रात्री दोन वाजताही सांगतो, हा त्याचा फायदा.

पण ऊस आणि आपला कांदा यात फरक आहे. ऊस वर्ष-दीड वर्ष एका जागी उभा असतो, पाणी भरपूर पितो, त्यामुळे पाणी वाचवायला जागाही भरपूर. घेणारा कारखाना ठरलेला, एफआरपी ठरलेली. चार टन जास्त निघाले तर त्याचे पैसे होतात. कांद्याचं दुखणं वेगळंच आहे. एकरी दहा क्विंटल जास्त काढले आणि भाव पडला तर ते दहा क्विंटल डोक्यावरचं ओझं. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठली, तीही निर्यात शुल्क आणि किमान निर्यात मूल्याची अट ठेवून. हे कोणत्या सेन्सरला कळणार होतं? जमिनीतला ओलावा मोजता येतो, दिल्लीतला निर्णय मोजता येत नाही.

द्राक्षाचं गणित जरा बरं आहे. निफाड, दिंडोरीकडे बऱ्याच बागांत हवामानाचे सेन्सर बसलेत आणि ते फुकट गेलेत असं म्हणता येणार नाही. पान किती तास ओलं राहिलं, आर्द्रता किती, रात्रीचं तापमान किती, यावरून डाऊनी येण्याची शक्यता आधी कळते. एखादी फवारणी वाचली किंवा वेळेवर झाली तरी सेन्सरचा खर्च अंगावर येत नाही. पण हे मोठ्या बागेचं गणित. वीस गुंठेवाल्याने एकट्याने सेन्सर घेण्यापेक्षा शिवारातल्या चार-पाच जणांनी मिळून घ्यावा. हवामान बांधाबांधाला एवढं बदलत नाही.

आता ड्रोन. नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरात १५ हजार बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, एकूण खर्च १२६१ कोटी. उंच उसात, जिथे माणूस पाठीवर पंप घेऊन घुसूच शकत नाही, तिथे ड्रोन खरंच उपयोगी आहे. सोयाबीन, भात, मका इथेही चालेल. द्राक्षबागेत मात्र विचार करा. ड्रोनचं औषध वरून पडतं आणि डाऊनीची पांढरी बुरशी वाढते पानाच्या खालच्या अंगाला. तिथे औषध पोचवायला ट्रॅक्टरचा ब्लोअरच बरा.

शिवाय ड्रोनची बॅटरी. एका उडाणात दहा-पंधरा मिनिटं, मग बदला. म्हणजे बॅटरीचे चार-पाच संच, चार्जिंगला जनरेटर, उडवायला परवानाधारक माणूस. पातं तुटलं तर पार्ट कुठे मिळणार, हे उद्घाटनाच्या दिवशी कुणी विचारत नाही. हार घातलेला असतो ना ड्रोनला.

आपल्या भागातली पोरं अंबड एमआयडीसीत शिफ्टला जातात. त्यातली बरीच सीएनसी मशीनवर आहेत. त्यांना विचारा, मशीन बंद पडली तर काय होतं? मेंटेनन्सवाला लगेच येतो, पार्ट स्टोअरमध्ये असतो, लाईट गेली तर जनरेटर लागतो. तिथे तंत्रज्ञान टिकतं ते यंत्र भारी आहे म्हणून नाही, त्याच्या मागे सांभाळणारी माणसं पगारावर आहेत म्हणून. तेच यंत्र पाच-सात कोसावर शेतात आणलं की तिथे थ्री फेज कधी दिवसा तर कधी मध्यरात्री, रेंज एका झाडाखाली येते आणि दुरुस्तीवाला सोमवारी येतो म्हणतो. कोणता सोमवार ते सांगत नाही. माझ्या मते घोषणा आणि वास्तव यातला निम्मा फरक इथेच आहे.

याउलट मोबाईल स्टार्टर बघा. त्याचं कुणी भाषण केलं नाही, कुणी हार घातला नाही. पण रात्री विहिरीवर जायचं, साप-विंचवाचं, बिबट्याचं भ्या, त्यातून या छोट्या डब्याने सोडवलं. फोन लावला की मोटार चालू. दुरुस्तीही गावातला वायरमन करतो. त्यातही एक मेख आहेच, डब्यात सिम असतं आणि त्याचा रिचार्ज संपला की भरल्या विहिरीवर मोटार गप्प. निर्यातीच्या द्राक्षाचं ‘ग्रेपनेट’ही असंच. बागेची नोंदणी, प्रयोगशाळेत औषधाच्या अंशाची तपासणी आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत मागोवा. गाजावाजा नाही, पण युरोपच्या बाजारात आपली द्राक्षं टिकली त्यात या नोंदीचा मोठा वाटा आहे.

कांद्याच्या अणुऊर्जेचं काय? लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘कृषक’ प्रकल्प २००२ पासून उभा आहे. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावरून जातात, कोंब फुटायची जी पेशी असते तिची वाढ थांबते, कांदा कोंबत नाही. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही, ती भीती काढून टाका. प्रकल्प आहे कांद्याच्या गावात, पण नाव झालं ते आंब्यामुळे. २००७ मध्ये याच केंद्रातून प्रक्रिया होऊन भारतीय आंबा अमेरिकेला गेला.

कांदा का नाही? कारण किरणाने कोंब थांबतो, पण कांद्यातलं पाणी उडून वजन घटायचं ते घटतंच, आणि सड लागली तर तीही थांबत नाही. म्हणजे किरण दिल्यावर पुन्हा शीतगृह हवंच. त्यात कांदा काढून सुकला की थोड्याच आठवड्यांत प्रक्रिया झाली पाहिजे, उशीर झाला तर उपयोग कमी. चाळीतून काढा, गाडी भरा, लासलगावला न्या, उतरवा, परत भरा, शीतगृहाचं भाडं द्या. या सगळ्याचा खर्च भावातून निघेल याची खात्री कोण देणार? २०२४ मध्ये राज्य सरकारने कांदा महाबँकेची घोषणा केली. व्हावी, चांगलंच आहे. पण यंत्राबरोबर शीतगृह किती टनांचं आणि भाडं किती, हे दोन आकडे आधी विचारा.

आता येऊ ज्याच्यावर आपलं रोजचं अडतं त्याच्याकडे. एआय नसलं तरी पीक येतं. पण ई-पीक पाहणी नसली तर सातबाऱ्यावर पीकच नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर आली. कल्पना चांगली होती, तलाठ्याने घरी बसून पीकपेरा भरण्यापेक्षा शेतकऱ्याने स्वतः भरावा. पण २०२३ ला त्याची दुसरी बाजू दिसली. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर झालं. म्हणजे एका खात्याला ७० हजारांपर्यंत. अट अशी की सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीने कांदा लागलेला पाहिजे. ज्यांनी कांदा पिकवला, बाजार समितीत विकला, पट्टी हातात आहे, अशा कितीतरी जणांच्या उताऱ्यावर कांदाच नव्हता. ओरड झाली, मग अट ढिली करून गावपातळीवर पाहणी करावी लागली. म्हणजे शेवटी माणसानेच जाऊन बघितलं. आता तर एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा आहे.

फोटो का चढत नाही, याची कारणं दोन वेगवेगळी असतात आणि लोक ती एक करतात. फोन जागा ओळखतो ती जीपीएसने, त्याला इंटरनेट लागत नाही, वर मोकळं आकाश लागतं. झाडाखाली, शेडमध्ये घाई केली तर जागा चुकते आणि ॲप म्हणतं तुम्ही गटापासून लांब आहात. अशा वेळी लोकेशन चालू ठेवून दोन-तीन मिनिटं उघड्यावर थांबा. अपलोडला मात्र नेट आणि सर्व्हर लागतो. शेतात रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठवा आणि गावात येऊन चढवा, पण चढवायला विसरू नका. बरेच जण इथेच राहतात, फोटो काढला म्हणजे झालं असं समजून. नोंद चुकली तर ४८ तासांत एकदा दुरुस्ती करता येते. शेवटच्या आठवड्यात सगळे तुटून पडतात तेव्हा सर्व्हर बसतो, म्हणून मुदतीच्या सुरुवातीलाच उरकून घ्या.

सर्व्हर बसणं हे काही आपल्याच नशिबी नाही. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या चुकीच्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. २०२५ मध्ये २६ मार्चला आणि १२ एप्रिलला यूपीआय अडकलं, तेव्हा पेट्रोल पंपापासून किराणा दुकानापर्यंत माणसं मोबाईल हलवत उभी. खिशात नोट नव्हती.

म्हणून थोडी जुनी सवय ठेवा. दोन-पाचशे रुपये रोख घरात असू द्या. बाजार समितीची काटापट्टी आणि हिशोबपट्टी कागदावरच मागा, मोबाईलमधला फोटो फोनबरोबर जातो. ई-पीक पाहणी झाल्यावर काही दिवसांनी उतारा काढून पीक लागलं का ते स्वतः बघा. वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप जरूर ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं आहे आणि फुकट आहे. पण नेट नसेल तर ते गप्प राहणार, तेव्हा गडगडाट ऐकू आला की ॲप काय म्हणतंय ते न बघता झाडाखालून निघा.

आणि कुणी एजंट सेन्सर किंवा एआयची स्कीम घेऊन दारात आला तर त्याला चहा पाजा आणि विचारा. वर्षाला रिचार्ज किती? बिघडलं तर माणूस किती दिवसांत येणार, त्याचा नंबर द्या. कोणत्या पिकावर वापरलं, आपल्या तालुक्यात कुणाच्या शेतात दोन हंगाम चाललं? पत्ता दिला तर गाडी काढा आणि ते शेत बघून या.