तासिका तत्त्वावरची कविता

बेंगळूरुच्या कोरमंगला परिसरात २००७ साली एका लहानशा सदनिकेत 'फ्लिपकार्ट'ची सुरुवात झाली आणि नवउद्योगांची वसाहत ही या भागाची ओळख पक्की झाली. आज इथे दर दहा पावलांवर कॉफीचे दुकान आहे, त्यात लॅपटॉप उघडून बसलेली तरुण मंडळी आहेत आणि मधूनच एखाद्या महाविद्यालयाची कुंपणभिंत. अशाच एका खासगी महाविद्यालयात मी सध्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीतील भारतीय कविता शिकवतो. 'सध्या' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. माझी नेमणूक एका सत्रापुरती असते. सत्र संपले की तीही संपते.

माझ्या हुद्द्याला कन्नडमध्ये 'अतिथी उपन्यासक' म्हणतात, तर महाराष्ट्रात 'तासिका तत्त्वावरील प्राध्यापक'. महाराष्ट्रातला शब्द मला अधिक प्रामाणिक वाटतो. अतिथीला निदान जेवू घालण्याची पद्धत आहे.

अभ्यासक्रमात अरुण कोलटकर यांची 'जेजुरी' आहे. हा संग्रह १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला, एवढे सांगून विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नाही. वर्गात केरळची मुले आहेत, तमिळ आहेत, मणिपूर आणि झारखंडहून आलेली आहेत. जेजुरी हे त्यांना नकाशावरही ठाऊक नसलेले गाव. या वर्षी कोंडी फोडली ती बीदर जिल्ह्यातून आलेल्या एका मुलीने. 'हा खंडोबा म्हणजे आमचा मैलार मल्लण्णाच', असे तिने सांगितले आणि भंडारा कसा उधळतात, आजी अजून कोणता नवस फेडते आहे, हे वर्णन करू लागली. मग तिनेच प्रश्न टाकला: हा कवी आमच्या देवाची थट्टा करतो आहे का? यावर वर्ग दुभंगला. एका तासिकेत संपवायचा भाग दोन तासिका चालला आणि त्यातला बहुतेक वेळ मी ऐकण्यात घालवला. श्रद्धा आणि संशय एकाच ओळीत नांदू शकतात, हे मी व्याख्यान देऊन सांगितले असते तर वहीत उतरवून घेतले गेले असते, इतकेच.

त्या दोन तासिकांचे मानधन मला मिळाले. पण नंतर तिने घरी विचारून चार पाने लिहून आणली. ती वाचणे, त्यावर टिपणे करणे, व्हरांड्यात उभ्याने तिच्याशी बोलणे, याची नोंद कोणत्याही हजेरीपत्रकात नाही. निबंध तपासणे, प्रश्नपत्रिका काढणे, तासिकेची तयारी करणे यांचीही नाही. कवितेचे शिक्षण बव्हंशी याच न मोजलेल्या वेळेत होते, ही या व्यवस्थेची खरी अडचण आहे.

ही स्थिती नियमांच्या अभावी आलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. अतिथी प्राध्यापकांना प्रति तासिका १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये द्यावेत, असे आयोगाने २०१९ मध्ये कळवले. २०२५ च्या जानेवारीत आयोगाने नव्या विनियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यात ती दहा टक्क्यांची मर्यादाच दिसेनाशी झाली. जो नियम पाळला जात नाही तो काढून टाकणे, हा सुधारणेचा एक मार्ग असू शकतो खरा.

कर्नाटकातील सरकारी पदवी महाविद्यालयांच्या अतिथी व्याख्यात्यांनी २०२१ च्या अखेरीस काम बंद ठेवले. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ११ ते १३ हजारांचे मानधन २६ ते ३२ हजारांपर्यंत नेले. मात्र त्याच वेळी आठवड्याचे आठ तास पंधरावर नेले. तेवढेच काम मग कमी माणसांत वाटले जाणे ओघाने आलेच. वाढीव मानधन कुणाला मिळाले याची चर्चा झाली. यादीतून गळालेल्यांची फारशी झाली नाही. खासगी महाविद्यालयांत तर हे दरही लागू नाहीत.

त्यात अभ्यासक्रमाची धरसोड. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कर्नाटकाने २०२१ मध्ये इतरांच्या आधी स्वीकारले आणि २०२४ मध्ये, सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर, चार वर्षांची पदवी मागे घेऊन पुन्हा तीन वर्षांची केली. निर्णयाच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात. पण आराखडा बदलला की तासिकांची फेरमांडणी होते, आणि ज्याचे पोट तासिकेवर आहे त्याला ती आधी जाणवते.

कविता आणि विपन्नावस्था यांचे नाते जुनेच आहे, असे सांत्वन मला शिक्षकांच्या खोलीत अनेकदा ऐकावे लागते. मातृभाषा मराठी असलेले कन्नड महाकवी द. रा. बेंद्रे यांचा दाखला दिला जातो. एका कवितेपायी त्यांना १९३० च्या दशकात तुरुंगवास झाला आणि पुढची कित्येक वर्षे स्थिर नोकरीविना गेली. तरी लेखणी थांबली नाही. हे खरे आहे, पण हे विधान कवीविषयी झाले, शिक्षकाविषयी नव्हे. १९४४ मध्ये बेंद्रे सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक झाले आणि १९५६ पर्यंत तिथे राहिले. त्या विद्यार्थ्यांना बेंद्रे बारा वर्षे मिळाले, सत्रागणिक नव्हे.

सर्वांना तातडीने कायम करा, ही मागणी कोणत्याही राज्याच्या तिजोरीला आज पेलणार नाही, हे मला कळते. परंतु नेमणूक निदान पूर्ण वर्षाची असावी, तपासणी आणि मार्गदर्शनाचे तास मानधनात धरावेत, यासाठी फार मोठ्या तरतुदीची गरज नाही. बीदरच्या त्या विद्यार्थिनीला अंतिम वर्षाचा प्रकल्प मैलार आणि 'जेजुरी' यांवर करायचा आहे. मार्गदर्शक म्हणून नाव आत्ताच द्यावे लागते आणि ते कायम शिक्षकाचेच चालते. मी तिला विभागातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंचे नाव सुचवले. त्या व्हिक्टोरियन कादंबरी शिकवतात.