किरणोत्सर्गी साक्याची राखण

गावात वीज येण्यापूर्वी लग्नाच्या वरातीत गॅसबत्त्या असत, असे आमचे आजोबा सांगतात. त्या बत्तीच्या मेंटलला झगझगीत प्रकाश देई ते थोरियम. १९०९ साली शोमबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट आढळले आणि केरळचा किनारा जगाच्या नकाशावर आला.

पुढे १९५२ मध्ये केरळात आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यात बारीक दळलेली वाळू तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवतात. त्यातील फॉस्फेट धुऊन काढतात. उरलेल्या लगद्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, की उपयुक्त विरल मृदा मूलद्रव्ये विरघळतात व थोरियम मागे राहते. मात्र त्या द्रावणात रेडियम आणि शिसे यांचे किरणोत्सर्गी अंशही उतरतात. ते काढल्यावाचून माल विकता येत नाही आणि सांडपाणी नदीत सोडता येत नाही.

रेडियमचे प्रमाण इतके अल्प असते, की ते एकटे तळाशी बसत नाही. म्हणून त्याच्याच कुळातील बेरियम द्रावणात घालून त्याला सल्फेटची जोड देतात. बेरियम सल्फेटचा पांढरा साका तळाशी बसताना रेडियमला सोबत घेऊन बसतो. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो, तसेच काहीसे हे घडते. फरक एवढाच, की येथे पकडायचा पदार्थ विरघळलेला असतो. शिसे सल्फाइडच्या रूपाने वेगळे काढतात.

पाणी शुद्ध झाले, मग साक्याचे काय? किरणोत्सर्ग जाळून जळत नाही, आम्लाने मरत नाही. तो थोड्या जागेत गोळा करून काँक्रीटच्या बंदिस्त खंदकात राखावा लागतो. थोरियमपासून उपजलेले रेडियम पावणेसहा वर्षांत निम्मे होते; परंतु मोनाझाइटमध्ये थोडे युरेनियमही असते आणि त्याच्यापासून उपजलेल्या रेडियमला निम्मे होण्यास सुमारे १६०० वर्षे लागतात.

वाचकहो, अजिंठ्याची पुष्कळशी लेणी कोरली त्याला सुमारे दीड हजार वर्षे झाली. अशोकाच्या शिलालेखांची लिपी तर वाचणाराच कोणी उरला नव्हता. जेम्स प्रिन्सेपने ती १८३७ मध्ये उलगडली. मग खंदकावर 'येथे खणू नका' असे आज लिहिले, तर ते तेव्हा कोण वाचील? साका पाडणे रसायनशास्त्रज्ञांना साधले आहे. त्याची खूण पिढ्यान्‌पिढ्या वाचती ठेवणे हा प्रश्न भाषा आणि इतिहास शिकणाऱ्यांचाही आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. 'कला शाखेला जाऊन काय करणार?' असे मला पुष्कळांनी विचारले. त्याचे एक उत्तर मला या साक्यात सापडले.