कळ काढावी, की गोळी घ्यावी?

विषय ऐकून वर्गातले मित्र हसले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जमाखर्चावर लिहावे, बाळंतपणावर कशाला? परंतु गेल्या सुट्टीत जे पाहिले ते मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांत घडत असते, म्हणून लिहितो.

माझी अक्का बडोद्याजवळ बाजव्याला राहते. पहिले बाळंतपण माहेरी झाले होते. या वेळी आई आणि मीच तिकडे गेलो. अक्काला आठवा महिना लागला होता. कंबर इतकी दुखे की रात्र बसून काढावी लागे. शेजारच्या बेननी आपुलकीने गोळ्यांची पट्टी दिली. त्यांना त्या गोळीचा गुण आला होता. अक्काने तीन दिवस गोळ्या घेतल्या. तपासणीच्या दिवशी मी ती रिकामी पट्टी बरोबर नेली. पट्टीवरची नावे वाचून डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. गोळीत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही होते.

त्यांनी कारण समजावून सांगितले. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधे नाळेवाटे गर्भापर्यंत पोचतात. गर्भाच्या हृदयाजवळ एक रक्तवाहिनी असते. ती जन्मानंतर मिटायची असते. शेवटच्या तीन महिन्यांत या औषधांनी ती आधीच आखडू शकते. शिवाय गर्भाच्या मूत्रपिंडांचे काम मंदावून गर्भजल कमी होऊ शकते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 साली इशारा दिला, की 20 आठवड्यांनंतर ही औषधे टाळावीत. लगेच सोनोग्राफी झाली. ती होईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. सुदैवाने पाणी पुरेसे होते.

मग दुखणे सोसायचेच काय? तसे नाही. कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, कोमट पाण्याच्या पिशवीने कंबर शेकावी. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना विचारून साधे पॅरासिटामॉल घ्यावे; मात्रा लागेल तेवढीच, दिवस कमीत कमी. इथे माझा जमाखर्च कामी आला. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही घेतल्या तर बेरीज वाढते आणि यकृताला धोका होतो. मी वहीत गोळी, वेळ आणि मात्रा असे तीन रकाने आखून दिले. एक अपवाद ध्यानात ठेवावा: रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टरांनी थोड्या मात्रेत ॲस्पिरिन दिले असेल, तर ते आपल्या मनाने बंद करू नये.

जूनअखेर भाची झाली आणि उलटीच चूक घडली. टाके दुखत होते, पण औषध दुधात उतरेल या भीतीने अक्का गोळीच घेईना. तिला पाजायला नीट बसवेना आणि बाळ रडे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता पॅरासिटामॉल चालेल आणि आयबुप्रोफेनही चालेल! मी चकित झालो. पण हिशेब सरळ आहे: आता नाळेचा संबंध उरला नाही, आणि दुधात या औषधांचा अंश फारच थोडा उतरतो. मात्र कोडीन व ट्रामाडोल यांनी तान्ह्या बाळाला गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो. 2017 पासून स्तनदा मातांना ती टाळण्याचा इशारा आहे.

काही दुखणी मात्र गोळीने झाकू नयेत. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बरगडीखाली कळ, रक्तस्राव किंवा ताप असल्यास थेट दवाखाना गाठावा. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिथे हे सारे विचारता येते.

बेनचा हेतू वाईट नव्हता, अक्काची भीतीही खोटी नव्हती. दोघींना पट्टीवरचे नाव वाचून सांगणारे कोणी नव्हते, इतकेच. मित्रहो, ती अक्षरे आपल्याला वाचता येतात. मग घरात ते काम आपण का करू नये?