कुपीवरच्या लेबलावर जाऊ नका!

अँटीबॉडी म्हटलं की आपल्याला कोविडची लस आठवते. लॅबमध्ये मात्र ती विकत आणतात. काही थेंबांची कुपी, किंमत काहीशे डॉलर! पेशीतल्या हजारो प्रथिनांच्या गर्दीतून नेमकं एक हुडकणं हे तिचं काम. पण ती भलत्यालाच चिकटली तर?

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या ‘द न्यूरो’ संस्थेने हाच प्रश्न धसास लावला. युक्ती साधी. त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलेल्या पेशी घ्यायच्या. तिथेही ब्लॉटवर पट्टा उमटला, तर कुपी खोटं बोलतेय. एएलएस या जीवघेण्या आजाराशी जोडलेल्या सी९ओआरएफ७२ प्रथिनासाठीच्या १६ अँटीबॉडीज त्यांनी २०१९ मध्ये अशा तपासल्या. आधीच्या शोधनिबंधांत सर्रास वापरलेल्या काही चक्क नापास! २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटीबॉडीजचा निकाल आला. कंपन्यांनी स्वतःच तपासायला दिलेल्या काही अँटीबॉडीज नंतर बाजारातून काढून घेतल्या, हे मला विशेष वाटतं.

पास झालेली कुपीही लगेच कामाला येत नाही. हजारपट पातळ करायची की पाचशेपट, हे प्रत्येक लॅबने करून बघायचं. नको तिथे चिकटू नये म्हणून ब्लॉटला आधी दूध पावडरच्या पाण्यात भिजवतात. हो, स्वयंपाकघरातलीच!

इथे पीएचडीला आलेल्या आपल्या मुलांची वर्षं आणि व्हिसा दोन्ही मोजके असतात. सहा महिने चुकीच्या पट्ट्यामागे गेले, तर ते कोण परत देणार? कुपी मागवण्याआधी हे अहवाल जरूर बघा. ते झेनोडोवर फुकट आहेत, पुण्यातल्या लॅबलासुद्धा.