गाडी तापते कधी, ते आधी पाहा



दर अंकात या पानावर बेणे, खते, खोडवा यांविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. आपल्या कार्यक्षेत्रात गावोगाव जुन्या पिकअप गाड्या आहेत. बेणे, रोपे, खत, दूध, भाजीपाला, वेळ पडली तर लग्नाचे वऱ्हाडसुद्धा याच गाडीतून जाते. गाडीला दहा-बारा वर्षे झाली की एक तक्रार हमखास कानावर येते, "साहेब, गाडी लई गरम होतीया." आणि पुढचे वाक्य असते, "सगळं बदलून झालं, तरी तेच." हा अनुभव मी स्वतः घेतला आहे, म्हणून लिहीत आहे.

आमच्या घरची पिकअप डिझेलवरची, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. तीन वर्षांपूर्वी जानेवारीअखेर सुरू लागणीसाठी पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्रातून को-८६०३२ चे मूलभूत बेणे भरून निघालो. बरोबर पुतण्या होता. लोणंद सोडले तोवर काटा मधोमध होता. सालपे घाटाचा चढ लागला तसा काटा वर सरकू लागला. "जाईल एवढा चढ," असे म्हणून मी गाडी रेटली. निम्म्या चढावर काटा लाल रेघेत गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

गाडी थांबताच पुतण्याने बॉनेट उघडले आणि मी "नको" म्हणेपर्यंत फडके धरून रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी त्याच्या कोपरापर्यंत उडाले. त्याचा डाग आजही हातावर आहे. पोराला दवाखान्यात नेण्यात आणि दुसरी गाडी शोधण्यात रात्र गेली. चोवीस तासांत लागायचे बेणे तिसऱ्या दिवशी सरीत पडले. डोळे सुकले, उगवण विरळ झाली, नांग्या भराव्या लागल्या.

पुढचे तीन आठवडे दुरुस्तीत गेले. एकाने थर्मोस्टॅट काढून टाकला. दुसऱ्याने वॉटर पंप नवा बसवला. तिसरा म्हणाला, हेड खोला. बेण्याच्या किमतीपेक्षा जास्त पैसे गेले आणि माल भरून चढाला लावली की गाडी पुन्हा गरम! शेवटी तालुक्याच्या गावी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारले, "साहेब, गाडी तापते कधी? उभी असताना, पळताना, का चढाला?"

"चढाला. माल असला की."

त्यांनी गाडी गरम केली, इंजिन बंद करून रेडिएटरवरून बेताने हात फिरवला. कडा गरम, मधला मोठा भाग कोमट. "हितं पाणी फिरतच न्हाई. पाणी कुठलं घालता?"

"बोअरचं."

ते काही बोलले नाहीत. रेडिएटर उतरवून टाकी उघडली तर निम्म्या नळ्या पांढऱ्या-पिवळ्या क्षाराने बंद. मला बोलायला तोंड राहिले नाही. हेच बोअरचे पाणी ठिबकच्या तोट्या बंद पाडते, म्हणून आम्ल प्रक्रिया करा, असे मी तुम्हाला दर शिबिरात सांगतो आणि तेच पाणी मी चार वर्षे रेडिएटरमध्ये ओतत होतो.

पान पिवळे पडले म्हणून लगेच फवारत नाही

उसाचे पान पिवळे दिसले की आपण काय पाहतो? कोवळे पान पिवळे आहे की जुने? जुने पान आधी पिवळे पडले तर नत्र कमी. कोवळे पडले आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी, म्हणजे आपला केवडा. पिवळेपणा तोच, पण औषध निराळे. इंजिनचेही तसेच आहे. काटा लाल रेघेत जाणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग ओळखायचा तर "कधी तापते" हे पाहावे.

१. उभी असताना किंवा बाजारच्या गर्दीत तापते, पळताना थंड होते. दोष वाऱ्याचा. फॅन बेल्ट ढिला असेल किंवा पंखा नीट फिरत नसेल. इंजिन बंद असताना लांब बाजूच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबावा. साधारण अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबला तर ताणून घ्यावा. पंख्याला क्लच असेल तर गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवावा. तो अटकाव न होता गरगर फिरला तर क्लच गेला. विजेवर चालणारा पंखा असेल तर मात्र तिथे हात घालू नये, इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

२. माल असताना, चढाला किंवा वेगात तापते. पाणी पुरेसे फिरत नाही किंवा थंड होत नाही. आधी बाहेरून पाहावे. हंगामात पाचटाचा भुसा, धूळ आणि किडे जाळीत बसतात. इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळीने, कमी दाबाने धुवावे. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात आणि हवा बंद होते. जाळी स्वच्छ असूनही तापली तर आतून क्षार, खालचा होज आत चिकटणे किंवा वॉटर पंप, असा क्रम धरावा.

३. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते. आधी थंड इंजिनात पाणी आहे का ते पाहावे. पाणी असेल तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याची शक्यता. वरचा होज कडक गरम आणि खालचा गार, ही त्याची खूण.

४. गळती कुठे दिसत नाही, पण पाणी कमी होत जाते. इथे सावध व्हावे. थंड इंजिन सुरू करून रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात का, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतच राहतो का, ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा झाला आहे का, हे पाहावे. यातले काही दिसले तर हेड गॅस्केट गेल्याची शंका धरून गाडी चालवणे बंद करावे. हेड खोललेच तर ते वाकले आहे की नाही तपासल्याशिवाय नुसती नवी गॅस्केट टाकून बसवू देऊ नये.

आणि हो, कधी कधी इंजिन ठीक असते, काटाच खोटे बोलतो. सेन्सरची वायर सैल नाही ना, हेही पाहून घ्यावे.

थर्मोस्टॅट आणि झाकण

थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे सवयच झाली आहे. तसे करू नये. त्याशिवाय इंजिन नेमक्या उष्णतेला येत नाही, डिझेल जास्त जाते, झीज वाढते. काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडी राहून गाडी उलट जास्त तापते. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लोंबता सोडावा आणि चुलीवर पाणी तापवावे. अंगावर छापलेल्या अंशाच्या आसपास तो उघडायला लागला तर चांगला. नाही उघडला तर नवा घालावा.

झाकणाचे महत्त्व कारखाना पाहिलेल्या सभासदांना लवकर पटेल. पॅनमध्ये हवा ओढून घेतलेली असते, म्हणून तिथला पाक ६५-७० अंशांच्या आसपासच उकळतो. रेडिएटरमध्ये नेमके उलटे. झाकण दाब धरून ठेवते. ०.९ बारचे झाकण असेल तर आतले पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले की दाब सुटतो आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडते. म्हणजे एवढ्याशा झाकणाने गाडी तापते. गरम गाडीचे झाकण उघडू नये ते याचसाठी. शंभर अंशांच्या वरचे पाणी दाब सुटताच एकदम वाफ होऊन अंगावर येते.

वाटेत काटा चढला तर

काटा वर जायला लागताच एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण सोडावा, तेवढीच उष्णता बाहेर जाते. लाल रेघेत गेला तर बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. "जाईल एवढा चढ" म्हणू नये. अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडे ठेवून झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याच्या बादल्या ओतू नयेत, हेडला तडा जातो.

पाणी कोणते?

बोअरचे नको, कॅनॉलचेही नको. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट वापरावे. तयार मिश्रण असेल तर तसेच घालावे, नुसता अर्क असेल तर बॅटरीचे शुद्ध पाणी मिसळावे, बहुधा निम्मे-निम्मे. निरनिराळ्या जातीचे कूलंट एकत्र करू नये. काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ किंवा पाटात ओतू नये. ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-जनावरे चाटतात आणि दगावतात.

आमच्या गाडीचा रेडिएटर पितळी टाकीचा होता, त्यामुळे नळ्या साफ करून पुन्हा बसवता आला. प्लॅस्टिक टाकीचा असता तर बहुधा नवाच घ्यावा लागला असता. नवा थर्मोस्टॅट आणि नवे झाकण घातले. त्यानंतर बेणे भरून त्याच घाटाने तीन वेळा आलो. काटा मधोमध राहिला. आता दर पंधरवड्याला, सकाळी गाडी थंड असताना, पुतण्याच पाणी आणि पट्टा पाहतो. त्याला सांगावे लागत नाही.

हंगाम तोंडावर आहे. गाडीत पहिले बेणे भरण्याआधी एक सकाळ या कामाला द्यावी. आणि मिस्त्रींकडे जाल तेव्हा "गाडी गरम होतेय" एवढेच न सांगता ती कधी गरम होते, ते सांगावे. ट्रॅक्टरवाल्या बंधूंनीही हेच लक्षात ठेवावे.

— ऊस विकास अधिकारी